साखरांब्याचं पाणी जोखताना

मे महिना उजाडून बाजारात राजापुरी कैऱ्यांचे ढीग लागले की घरोघर साखरांब्याची बोलणी सुरू होतात आणि त्यात एक प्रश्न हमखास निघतो : साखर थोडी कमी घातली तर चालणार नाही का? घरातली जाणती मंडळी ‘टिकायचा नाही’ एवढ्यावर विषय मिटवतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. का टिकायचा नाही, किती कमी घातली तर टिकायचा नाही, आणि टिकवायचाच नसेल तर काय, हे कुणी सांगत बसत नाही. मग कुणी मुकाट्याने सव्वापट साखर घालतं, कुणी धाडस करून निम्मी घालतं. कुणाच्या साखरांब्याला जुलैत बुरशी येते, तर कुणाचा दिवाळीपर्यंत दगड होतो.

एरवी मराठी घरातल्या गोड पदार्थांत साखरांब्याइतका सोपा पदार्थ शोधून सापडायचा नाही. कैरी, साखर, दोन-चार लवंगा किंवा वेलदोडे, संपलं साहित्य. तूप नाही, खवा नाही, भाजणं-तळणं नाही. सगळी मेख पाण्यात आहे. कैरीतलं पाणी किती आटवायचं, उरलेलं कसं बांधून ठेवायचं आणि बाहेरचं आत कसं शिरू द्यायचं नाही, या तीन गोष्टी सांभाळल्या की साखरांबा साधला. कीस वाफवण्यापासून बरणीला दादरा बांधण्यापर्यंतची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका कामाची असते. हे ध्यानात आलं की पाककृती पाठ करावी लागत नाही आणि साखरेचं प्रमाणही डोळसपणे ठरवता येतं.

साखर राखण कशी करते

कैरीच्या शंभर ग्रॅम गरात साधारण ८५ ग्रॅम पाणी असतं. एवढ्या पाण्यात जिवाणू, यीस्ट आणि बुरशी या तिघांचीही चंगळ होते. पण पदार्थात पाणी असणं वेगळं आणि ते सूक्ष्मजीवांना वापरता येणं वेगळं. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना आपल्याशी धरून ठेवतात. साखर पुरेशी असली की साखरांबा चमच्यावरून ओघळतो, ओलसर दिसतो, तरी सूक्ष्मजीवांच्या वाट्याला त्यातलं पाणी येत नाही. उलट त्यांच्याच पेशींतलं पाणी बाहेरच्या पाकात ओढलं जातं आणि त्यांची वाढ खुंटते.

हे वापरण्याजोगं पाणी मोजायला अन्नशास्त्रात ‘वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचं माप आहे. शुद्ध पाण्याचं माप १ धरतात. ते ०.९१च्या खाली गेलं की बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत, ०.८८च्या खाली बहुतेक यीस्ट थांबतात आणि ०.८०च्या खाली बहुतेक बुरशा. आता साखर पाण्यात विरघळून विरघळून किती विरघळणार? नेहमीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात जेमतेम दोनशे ग्रॅम, म्हणजे वजनाने ६७ टक्क्यांच्या आसपास. अशा पुरत्या भरलेल्या पाकाचं माप साधारण ०.८५ येतं. म्हणजे नुसत्या साखरेच्या जोरावर जिवाणू आणि यीस्ट यांचा बंदोबस्त होतो, पण बुरशी उंबरठ्यावर उभीच राहते. साखरांबा बिघडतो तेव्हा बहुधा बुरशीनेच का बिघडतो, त्याचं कारण हे.

उरलेलं काम कैरीचा आंबटपणा करतो आणि तो दोन वाटांनी करतो. एक तर सायट्रिक, मॅलिक यांसारख्या आम्लांमुळे बहुतेक जिवाणूंना तिथे राहणंच अवघड होतं. घरी बरण्या भरणाऱ्यांना ज्याची सर्वांत जास्त धास्ती असायला हवी, तो बोट्युलिझमचा जिवाणू एवढ्या आंबट पदार्थात वाढू शकत नाही. दुसरं असं की आंबट पाक उकळत असताना साखरेचा काही भाग फुटतो. आपण जिला साखर म्हणतो त्या सुक्रोजच्या एका रेणूपासून ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन रेणू तयार होतात. वजन जवळपास तेवढंच, पण पाणी धरून ठेवणारे रेणू दुप्पट. त्यामुळे ६७ टक्क्यांची मर्यादाही थोडी ओलांडता येते आणि पाकात खडे धरत नाहीत. नुसत्या साखरपाण्याचा घट्ट पाक ठेवला तर त्यात खडीसाखर जमते. चांगल्या आंबट कैरीचा साखरांबा मात्र महिनोन्‌महिने मऊ राहतो, तो याच फुटीमुळे.

कारखान्यातला जॅम आणि घरचा साखरांबा यांचं शास्त्र एकच आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात. घरी बरणी पुन्हापुन्हा उघडली जाते, चमचे बुडवले जातात; म्हणून आपण ६८ टक्क्यांचं लक्ष्य धरलेलं बरं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच हिशेब मांडायचा आहे.

कैरी कोणती घ्यावी

साखरांब्याला कैरी कोय धरलेली हवी. कोवळ्या, सुरीने कोयीसकट कापता येणाऱ्या कैरीत गर कमी आणि पाणी जास्त. तिचं तक्कू किंवा पन्हं करावं. कोय टणक झालेली, बाहेरून हिरवीगार आणि आतून किंचित पिवळसर दिसणारी कैरी उत्तम. तिच्यात आंबटपणा भरपूर असतो आणि पेक्टिनही. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ. आंबट आणि भरपूर साखर असलेल्या पाकात तो जाळं विणतो आणि पाकाला अंग देतो. फळ पिकू लागलं की त्यातली विकरं हेच पेक्टिन तोडत जातात, म्हणून पिकलेला आंबा मऊ पडतो. पाडाला लागलेल्या आंब्याचा साखरांबा रंगाला सुरेख होतो, पण पाक पळीवाढा राहतो आणि चव नुसती गोडमिट्ट लागते. तसा केलाच तर लिंबू पिळावं.

जातींत राजापुरीला पहिला मान द्यावा. फळ मोठं, गर भरपूर, रेषा कमी. तोतापुरी वर्षातला बराच काळ मिळते, पण आंबटाला मवाळ. तिला किलोमागे एका लिंबाचा रस लागतो. कोकणात वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या हापूसच्या आणि रायवळच्या कैऱ्याही या कामी येतात. मात्र पडलेल्या फळाला जिथे मार लागलेला असतो तो भाग काळा पडत जातो. तेवढा भाग सढळ हाताने कापून टाकावा.

कैऱ्या सोलण्याआधी देठाकडची चकती उडवून तासभर पाण्यात ठेवाव्यात. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. त्याच्या देठाकडून येणारा चीक काहींच्या हातातोंडावर उततो, आणि किसात मिसळला तर कडवटपणा आणतो. पाण्यातून काढल्यावर कैऱ्या अगदी कोरड्या पुसाव्यात, साल जरा जाडसर काढावी आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर किसाव्यात. बारीक किसणीवर किसलं तर शिजताना लगदा होतो. किलोभर कीस हवा असेल तर कैऱ्या दीड किलोच्या आसपास घ्याव्या लागतात. साल आणि कोय यांत बाकीचं जातं.

काही घरांत या किसाच्याच पदार्थाला मुरांबा म्हणतात, काही घरांत मुरांबा म्हटलं की फोडींचाच. नाव काहीही असो, पुढची कृती तीच. फोडी असल्या तर फक्त धीर जास्त लागतो.

आधी वाफ, मग साखर

किसात पाणी न घालता तो कुकरच्या डब्यात भरून, शिटी न लावता आठ-दहा मिनिटं वाफवायचा. वाफवण्याने दोन कामं होतात. कैरी किसल्याबरोबर हवा लागून तपकिरी पडू लागते, कारण तिच्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी हातमिळवणी करतं. वाफेने ते विकर निकामी होतं आणि रंग टिकतो. दुसरं काम जास्त मोलाचं. कच्च्या कैरीच्या पेशी ताठ असतात आणि त्यांची आवरणं शाबूत असतात. अशा कच्च्या किसावर एकदम दाट पाक ओतला तर पेशींतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, पण साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही. परिणामी कीस आक्रसतो आणि चिवट होतो; मग तो कितीही वेळ शिजवला तरी मऊ पडत नाही. वाफेने आवरणं सैल झाली की साखर आत आणि पाणी बाहेर अशी देवाणघेवाण सावकाश आणि सारखी होते. कीस पारदर्शक होतो, पण त्याचा आकार राहतो.

फोडींच्या मुरांब्यात हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. फोडींना काट्याने टोचे मारायचे, वाफवायच्या, साखर लावून रात्रभर ठेवायच्या आणि मग पाक आटवायचा. आवळ्याच्या मोरावळ्यालाही टोचे मारतात ते याचसाठी; आवळ्याची साल गुळगुळीत आणि गर घट्ट, तिथे साखरेला वाट करून द्यावी लागते. याच्या उलट जिथे फोड करकरीत राहायला हवी असते तिथे चुन्याची निवळी वापरतात. आग्र्याच्या पेठ्यात कोहळ्याचे तुकडे आधी चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनशी जोडलं जातं आणि तुकडा पाकात उकळूनही मोडत नाही. साखरांब्याला निवळीची गरज नाही.

वाफवलेला कीस कोमट झाला की त्यात साखर आणि चिमूटभर मीठ मिसळून अर्धा-पाऊण तास बाजूला ठेवायचा. साखरेने सुटलेल्या पाण्यातच ती विरघळते. वरून पाणी घालायचं नाही. घातलेला प्रत्येक थेंब नंतर आटवावाच लागतो आणि जितका वेळ आटवू तितका रंग काळवंडतो.

तारेची परीक्षा आणि काट्याची

भांडं पसरट आणि जाड बुडाचं हवं. पसरट भांड्यात वाफ निघायला जागा जास्त, त्यामुळे पाणी लवकर उडतं. उंच पातेल्यात तोच घाणा दीडपट वेळ घेतो. स्टेनलेस स्टील सर्वांत बिनधोक. लोखंडी कढईत कैरीची आम्लं आणि टॅनिन लोखंडाशी भिडून साखरांबा काळा पडतो. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई पक्की नसेल तर ते वापरूच नये.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर मध्यम. सुरुवातीला पाक पाण्यासारखा खळखळतो आणि वर बारीक फेस येतो. पाणी आटत जातं तसा फेस मावळतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, खळखळीची रटरट होते. कीस काचेसारखा चमकू लागतो. लवंग, वेलदोड्याची पूड, असेल तर केशर, हे या टप्प्याला घालायचं. रटरट सुरू झाली की हात सांभाळावा. उडालेला पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो.

आता परीक्षा. ताटलीत पाकाचा थेंब घेऊन निववायचा आणि अंगठा व तर्जनीत धरून बोटं अलगद विलग करायची. एक तार निघून क्षणभर टिकून तुटली की साखरांबा झाला. तार निघणं म्हणजे काय, तर पाकातलं पाणी इतकं कमी झालं की साखरेचे रेणू एकमेकांना सहज सोडत नाहीत. दुसरी खूण थंड ताटलीवरची : थेंबातून बोट फिरवलं की पडलेली वाट लगेच मिटत नाही. थर्मामीटर असेल तर पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साडेचार ते पाच अंश वर ही जागा येते. मुंबईत म्हणजे १०४ ते १०५ अंश सेल्सियस. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणीच ९८ अंशांच्या सुमारास उकळतं. म्हणून पुणेकरांनी १०३च्या आतबाहेर थांबावं. महाबळेश्वरला हाच आकडा आणखी दोन-अडीच अंशांनी खाली येतो. इंटरनेटवरच्या पाककृतीतला आकडा डोळे मिटून पाळला तर उंचावरच्या गावात साखरांब्याचा पार गोळा होतो.

तारेवर भरवसा नसेल तर घरातला छोटा वजनकाटा काढा. त्यासाठी रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवायचं. हिशेब असा : किलोभर किसात विरघळणारे घन पदार्थ, म्हणजे आम्लं आणि त्याच्या स्वतःच्या साखरा, साधारण १०० ग्रॅम धरू. त्यात सव्वा किलो साखर घातली. भांड्यात एकूण २२५० ग्रॅम ऐवज, त्यातला १३५० ग्रॅम विरघळलेला. हा १३५० ग्रॅम म्हणजे एकूण वजनाच्या ६८ टक्के व्हायला हवा, तर एकूण वजन साधारण १९८५ ग्रॅमवर यायला हवं. म्हणजे पाव किलोच्या थोडं वर पाणी उडवायचं. भांडं काट्यावर ठेवा. दोन किलोच्या किंचित खाली आलं की गॅस बंद. पाक गरम असताना नेहमीच पातळ वाटतो. तो घट्ट वाटेपर्यंत आटवायचा असं ठरवलं, तर निवल्यावर चमचा वाकेल. थोडा पातळ असतानाच थांबणं हे साखरांब्यातलं खरं धैर्य.

वाटीने मापणाऱ्यांसाठी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाट्या-चमच्यांचं नेमकं माप मराठी स्वयंपाकघरात रुजलं. वाटीची सोय मोठी, पण सैल भरलेली किसाची वाटी साखरेच्या वाटीपेक्षा वजनाला बरीच हलकी भरते. म्हणून ‘वाटीला वाटी’ म्हणजे वजनाने सारखं नव्हे. त्यात साखर आपोआप जास्त पडते. आपल्या शेजारणीचा ‘बरोबरीच्या साखरेचा’ साखरांबा वर्षभर टिकतो आणि आपला वजनाने बरोबरी साधूनही पातळ राहतो, तेव्हा त्यामागे हा फरक असू शकतो.

साखर कमी केली तर काय होतं

आता तो हमखास निघणारा प्रश्न. किलोभर किसाला सव्वाऐवजी एकच किलो साखर घातली तर? ऐवज २००० ग्रॅम, विरघळलेला ११००. ६८ टक्क्यांवर यायला वजन १६२० ग्रॅमपर्यंत खाली आणावं लागेल. पाणी पावणेचारशे ग्रॅमहून जास्त उडवावं लागेल. साखरांबा टिकेल, चवीला अधिक आंबट आणि अंगाने जास्त दाट होईल. आंबटगोड चव आवडणाऱ्यांना हाच जास्त भावेल.

अर्धाच किलो घातली तर? ऐवज १५०० ग्रॅम, विरघळलेला ६००. टिकाऊ करायचा तर वजन ८८० ग्रॅमवर आणायला हवं. तोवर सहाशे ग्रॅमच्या वर पाणी उडालेलं असेल, रंग तपकिरी झालेला असेल आणि हाती आंबटढाण, चिकट गोळा येईल.

या आकड्यांत एक गंमत दडली आहे. तिन्ही वेळा आपण शेवटी ६८ टक्क्यांवरच आलो. म्हणजे टिकाऊ साखरांब्यात साखर कमी घातल्याने चमच्यातली साखर कमी होत नाही. बरणीतला साखरांबा कमी होतो. पहिल्या प्रमाणात दोन किलो मिळाला, दुसऱ्यात सोळाशे ग्रॅम, तिसऱ्यात नऊशेही नाही. चमचा मात्र प्रत्येकाचा जवळपास सारखाच गोड पदार्थ वाढतो, फक्त आंबटपणा वाढल्यामुळे जिभेला तो कमी गोड वाटतो.

खरोखरच कमी साखरेचा हवा असेल तर त्याचा रस्ता वेगळा : निम्मी साखर घाला, नीट उकळी येऊन कीस शिजला की थांबा, आटवू नका. हा साखरांबा ४० टक्क्यांचा. त्यातलं पाणी मोकळं आहे, म्हणून त्याची जागा फडताळात नाही, फ्रिजमध्ये. तिथे तो दोन-तीन आठवडे चांगला राहतो. जास्त केला असेल तर छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. आपल्या आजीच्या काळी फ्रिज नव्हता, तिला साखरेकडूनच ते काम करून घ्यावं लागे. आपल्याला पर्याय आहे. मात्र निम्म्या साखरेचा साखरांबा वर्षभराच्या बरणीत भरला तर तो नासणारच, त्यात नशिबाचा काही भाग नाही.

आहाराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. टिकाऊ साखरांब्याच्या २० ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात तेरा-चौदा ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. पोळीबरोबर एक चमचा, हे जुनं प्रमाण त्या सल्ल्यात बसतं. वाटीभर खायचा हा पदार्थ नव्हे.

बरणी आणि दादरा

उडवायचं ते पाणी उडवलं, बांधायचं ते बांधलं. उरलं बाहेरचं पाणी. साखरांबा गरम असताना झाकण लावलं की वाफ झाकणाला आतून थिजते आणि तिचे थेंब परत खाली पडतात. बरणीभर पाक घट्ट, पण वरचा पातळ थर पाणचट. बुरशीचा पहिला ठिपका बरोबर याच थरावर दिसतो. म्हणून पातेल्यावर पातळ कापड किंवा जाळी टाकून साखरांबा पुरता निवू द्यायचा आणि मगच भरायचा. काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, उपड्या घालून पूर्ण वाळवाव्यात. चिनी मातीच्या बरण्या कढत पाण्याने धुवून कडक उन्हात तापवाव्यात. ‘बघायला कोरडी’ एवढ्यावर समाधान मानू नये, बूड आणि गळ्याची खाच हात घालून पाहावी.

पूर्वी बरणीच्या तोंडाला झाकणाखाली किंवा झाकणावरून स्वच्छ कापडाचा दादरा आवळून बांधत. त्यामागची गरज आजच्या भाषेत अशी मांडता येते : साखरांब्याचं वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचं माप ०.८२ असेल, तर तो ८२ टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो. हवा त्याहून दमट असली की साखरांबा हवेतलं पाणी ओढून घेतो, कोरडी असली की स्वतःचं गमावतो. कोकणात आषाढ-श्रावणात आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. तिथे सैल झाकणाची बरणी आपोआप पातळ होत जाते. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की त्याच सैल झाकणातून पाणी उडतं आणि कडेला साखरेचे खडे धरतात. एकच पाककृती दोन गावांत दोन तऱ्हांनी वागते, त्यात करणारीच्या हाताचा दोष नसतो. दोन्हीकडे उपाय एकच, घट्ट झाकण. वर्षभराचा साठा मोठ्या बरणीत ठेवून रोजच्यासाठी छोटी बाटली काढावी, म्हणजे मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडते.

आणि ओला चमचा. ‘ओला हात लावू नकोस’ हे प्रत्येक घरात ऐकू येणारं वाक्य शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के खरं आहे. चमच्याबरोबर आलेले दोन थेंब बरणीभर पसरत नाहीत, जिथे पडले तिथेच पाक पातळ करतात. बुरशीला तेवढी जागा पुरते.

गुळांबा आणि इतर भावंडं

साखरेऐवजी गूळ घातला की गुळांबा. गुळात मुळातच ग्लुकोज-फ्रुक्टोज काही प्रमाणात असतात, त्यामुळे गुळांब्यात खडे धरत नाहीत. क्षार आणि काकवीचा खमंगपणा असतो, रंग तांबूस-काळा येतो. पण गुळात ओलावाही असतो आणि तो ढेपेगणिक बदलतो, म्हणून इथे मापापेक्षा तार किंवा काटा पाहणं जास्त गरजेचं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तसा दाणेदार, पिवळट-तपकिरी गूळ घ्यावा. चिक्कीचा गूळ घेऊ नये, गुळांबा चिवट होतो. गुळांबा पथ्याचा, अशी एक समजूत आहे. उष्मांकांच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत नावापुरताच फरक आहे.

गुजरातेतला छुंदा हा याच घराण्यातला. तिथे किसलेली कैरी, साखर, मीठ, हळद मिसळून भांड्याच्या तोंडाला कापड बांधतात आणि ते कडक उन्हात ठेवतात. साखर उन्हाने विरघळते, पाणी हळूहळू उडतं आणि पाक एकतारी झाला की तिखट-जिरं घालतात. आच नाही, त्यामुळे किसाला जरा करकरीतपणा राहतो. आपल्याकडचा मेथांबा गूळ-कैरीचाच, पण फोडणी आणि मेथ्यांचा. त्यात साखरांब्याइतकं पाणी उडवलेलं नसतं, म्हणून तो आठ-पंधरा दिवसांत संपवायचा.

बिघडला तर

पातळ राहिला असेल आणि अजून वास-रंग ठीक असेल तर परत पसरट भांड्यात काढून वजन किंवा तार पाहून आटवावा. फार घट्ट झाला, तर वाटीभर उकळतं पाणी घालून मंद आचेवर सैल करावा आणि पुन्हा योग्य जागी आणून थांबवावा. खडे धरले असतील तर कैरीला आंबटपणा कमी होता, किंवा ढवळताना भांड्याच्या कडेची न विरघळलेली साखर पाकात पडली. एक खडा पडला की त्याच्याभोवती बाकीचे जमत जातात. लिंबाचा रस आणि थोडं पाणी घालून पुन्हा उकळी आणली की ते विरतात.

आंबूस वास आणि बारीक बुडबुडे दिसले तर साखर सोसणारं यीस्ट शिरलं आहे. बुरशी असेल तर ती वरवर दिसणाऱ्या ठिपक्याखाली बरीच आत गेलेली असते आणि काही बुरशांची विषं उकळूनही जात नाहीत. वरचा थर काढून बाकीचा गरम करून खाण्याची पद्धत काही घरांत आहे. ती सोडलेली बरी. दोन्ही प्रसंगी बरणी रिकामी करावी.

व्यवस्थित टिकलेला साखरांबा मात्र शेवटच्या चमच्यापर्यंत वाया जाऊ देऊ नये. बरणी तळाला आली, कडेला चिकटलेला पाक चमच्याने निघेनासा झाला की वर्षभर ज्याला मज्जाव केला ते पाणी आता खुशाल ओतावं. पेलाभर गार पाणी, चिमूटभर मीठ, बरणी झाकण लावून खडखडून हलवायची आणि लगेच प्यायची. पाणी मोकळं झालं की उद्यापर्यंत ठेवण्यात अर्थ नसतो.